ओलीची वाट

धारच्या आमच्या घरी कैरी सोलायला शिंप असे, पाठीवर दगडाने घासून भोक पाडलेली. त्या भोकाच्या धारेने आजी साल अशी पातळ काढायची की गर जराही जात नसे. त्या शिंपेत कधी कोणी राहत होतं, हे माझ्या मनात आलं ते डही गावाच्या खाली, नर्मदेच्या काठी, मे महिन्यात.

इथे नदी आता नदीसारखी चढत-उतरत नाही. सरदार सरोवर 2019 साली पहिल्यांदा पूर्ण, 138.68 मीटरपर्यंत भरलं. पावसाळ्यानंतर धरणाचं पाणी फुगून इथवर येतं, उन्हाळ्यात मागे सरतं आणि भेगाळलेला गाळ उघडा पडतो.

त्या गाळात एक रेघ दिसली. बोटभर रुंद, कोणी काठी ओढत नेल्यासारखी. पाण्याकडे निघालेली, मग वळलेली, पुन्हा वळलेली. टोकाला नुसती एक फट, गाळात रुतलेल्या शिंपलीची. शिंपलीला एकच पाय, जिभेसारखा मऊ. तो पुढे रोवायचा, फुगवायचा आणि मागचं अंग ओढून घ्यायचं. पाणी सावकाश ओसरलं तर ती त्याच्या मागोमाग जाते. झपाट्याने ओसरलं तर मागे पडते आणि ओल सापडेल तिथवर खाली रुतते.

मग दार लावून बसायचं. दोन्ही झडपा आवळणारे स्नायू असे की एकदा आवळले की धरून ठेवायला फारशी ताकद लागत नाही. काळजाचे ठोके मंदावतात. पण सगळंच मिटलं तर जीव गुदमरतो आणि उघडलं तर अंग सुकतं. म्हणून ती कडा केसभर फाकवते आणि तिथल्या ओल्या पडद्यातून हवेतला प्राणवायू घेते. दार घट्ट मिटून जगताना आत आम्ल साचतं. ते शमवायला ती स्वतःच्याच शिंपेचा चुना विरघळवते. घराची भिंत खरवडून दिवस काढणं ते हेच. श्वास फारच कोंडला तर मादी कल्ल्यांत जपलेली पिल्लं वेळेआधी टाकून देते. ऑस्ट्रेलियातल्या काही जाती अशा बंद दाराआड वर्षभर तग धरतात. आपल्याकडच्या कोवळ्या, पातळ शिंपेच्या पिल्लांकडून मी एवढी अपेक्षा करणार नाही.

डहीहून बाघ हे गाव फार लांब नाही. तिथल्या चुनखडकात, इथे समुद्र होता तेव्हाचे शिंपले दगड होऊन बसलेत. दार मिटायची ही विद्या इतकी जुनी. पण धरणाचं पाणी किती आणि केव्हा सोडायचं, हे विजेच्या आणि कालव्याच्या हिशेबाने ठरतं. त्या हिशेबात या रेघेची चाल धरलीच पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

फटीत बोट घालून शिंपली उचलली. हाताला जड लागली. कडा चटकन मिटल्या आणि तळहातावर पाण्याचा एक थेंब पडला, तिने राखून ठेवलेला. गुडघाभर पाण्यात गेलो आणि पायाची बाजू खाली करून ती गाळात उभी रोवली. बराच वेळ काहीच नाही. सावली लांबली. मग फटीपाशी गाळाचा बारीकसा धूर उठला.