हरल्याचा एक गुण

प्रो कबड्डी लीगमध्ये पूर्वी हरल्याचाही एक गुण मिळायचा. जिंकल्याचे पाच, बरोबरीचे तीन, आणि सात किंवा त्याहून कमी गुणांच्या फरकानं हरलात तर एक. माझं जवळजवळ सगळं आयुष्य पुण्यात गेलं, शाळेच्या मैदानावर हुतुतू खेळताना गुडघे फोडून झाले, तरी हा नियम मला कळला तो तंजावरला, मेल वीदीजवळच्या एका घराच्या पुढच्या खोलीत, २०१९च्या जुलै महिन्यात.

मी तिथं एका तमिळ कादंबरीच्या मागं गेले होते. कादंबरी कावेरीच्या खोऱ्यातल्या एका गावाची. तिचं मराठी भाषांतर पूर्ण करून मी प्रकाशकाकडे दिलं होतं. दोन वर्षं त्यात गेली होती. तरी मनात खुटखुट होती. माझं तमिळ पुस्तकातून शिकलेलं. नळावरचं, बाजारातलं, भांडणातलं तमिळ माझ्या कानावर फारसं पडलेलं नव्हतं. मुद्रितं येतील तेव्हा हात फिरवता येईल, म्हणून नोकरीतून बिनपगारी रजा काढली आणि तंजावरला खोली घेतली.

घरमालक सत्तरी ओलांडलेले, निवृत्त शिक्षक. पत्नी वारलेली, मुलगा बंगळूरला. पहिल्याच दिवशी त्यांनी मराठीत विचारलं, जेवण झालं का म्हणून, आणि मी चपापले. तंजावरात मराठी घरं आहेत हे मला ठाऊक होतं. व्यंकोजीराजांपासून जवळजवळ पावणेदोनशे वर्षं इथं भोसल्यांची गादी होती, सरस्वती महाल ग्रंथालयात मराठी पोथ्या आहेत, शहाजीराजांनी इथं मराठीत नाटकं लिहिली, हे सगळं एम. ए.ला वाचलेलं. पण वाचलेली गोष्ट दारात उभी राहून जेवणाची चौकशी करते तेव्हा गडबडायला होतं. त्यांची मराठी मला पहिले दोन आठवडे नीट कळली नाही. शब्द ओळखीचे, चाल तमिळ. माझी मराठी त्यांना रेडिओवरच्या बातम्यांसारखी वाटायची. त्यांना मी मामा म्हणू लागले. त्यांची वाक्यं इथं मी माझ्या मराठीत लिहिते आहे. हेही भाषांतरच, आणि त्यात त्यांचं बरंच काही बाद होतं.

संध्याकाळी मामा टीव्हीवर कबड्डी लावत. त्यांचा संघ तमिळ थलायवाज. मी पुण्याची, म्हणून त्यांनी मला न विचारताच पुणेरी पलटण देऊन टाकली.

"मामा, आडनाव मराठी आणि संघ तमिळ?"

"राहतो कुठं मी?" ते म्हणाले. "आणि तुमचा सचिन तेंडुलकर आमच्या संघाचा भागीदार झाला, तेव्हा त्याला विचारलंस का?"

संघ २०१७ साली लीगमध्ये आला तेव्हा सचिन त्याच्या मालकांपैकी एक होता, हे खरंच. खरी गंमत मात्र पुढं होती. संघाचं नाव तमिळ, पण मोठे खेळाडू हरयाणाचे, हिमाचलचे, उत्तरेचे. विश्रांतीच्या अर्ध्या मिनिटात सगळे गोल करून उभे राहत आणि माइकमधून ऐकू येई ती हिंदी. "आमचा संघ हिंदीत जिंकतो, हिंदीत हरतो," मामा म्हणत. "आम्ही फक्त तमिळमध्ये रडतो." आणि जो खेळाडू तंजावर जिल्ह्यातलाच, तो धर्मराज चेरलातन, ज्याला सगळी लीग अण्णा म्हणते, तो यांच्याकडे नव्हताच. २०१६ साली, चाळिशी उलटल्यावर, त्यानं कर्णधार म्हणून पाटण्याला विजेतेपद मिळवून दिलं होतं. तमिळनाडूला स्वतःचा संघ मिळाला त्या वर्षी तो पुणेरी पलटणीकडून खेळत होता, पुढच्या वर्षी यू मुंबाकडून, आणि आता हरयाणा स्टीलर्सचा कर्णधार होता. हरयाणाची पोरं आमच्याकडे, आमचा अण्णा हरयाणाकडे, असा मामांचा हिशेब.

पहिले दोन्ही हंगाम थलायवाजनी आपल्या गटात तळाशी घालवले होते. २०१९ला मात्र कागदावर काही कमी नव्हतं. अजय ठाकूर कर्णधार. २०१६च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात त्यानंच इराणच्या हातून सामना काढून घेतला होता आणि त्याच वर्षी, २०१९ला, त्याला पद्मश्री मिळाली होती. राहुल चौधरीला ९४ लाख देऊन आणलेलं. बचावात मनजीत छिल्लर, मोहित छिल्लर, रण सिंग. पहिलाच सामना तेलुगू टायटन्सशी, म्हणजे राहुलच्या जुन्या संघाशी, हैदराबादेत. थलायवाज ३९-२६ जिंकले. मामांनी रात्री साडेनऊला कॉफी केली.

मग हरायला सुरुवात झाली. पहिल्या हरण्यांत लाजिरवाणं काही नव्हतं. एखाददुसऱ्या गुणानं, शेवटच्या दोन मिनिटांत, एका चुकलेल्या पकडीनं सामना जायचा. मामा शांतपणे उठत, कपाटातून एक लांबट वही काढत आणि काहीतरी लिहीत. एकदा त्यांनी वही माझ्यासमोर धरली. अक्षर तमिळ, म्हणून मी तमिळ समजून वाचू लागले आणि अडखळले. भाषा मराठी होती. देवनागरी त्यांना वाचता येई, पण हात बसला होता तो तमिळ लिपीवर. त्या लिपीत क आणि ग यांना एकच अक्षर, प आणि ब यांना एकच. त्यामुळे 'गुण' आणि 'कुण', 'बाद' आणि 'पात' दिसायला सारखे. कुठला शब्द ते आधी कळलं तरच वाचता येणार, आणि वाचल्याशिवाय कळणार नाही. मी मनात म्हटलं, हा माणूस वीस वर्षं माझ्याच धंद्यात आहे.

वहीत प्रत्येक सामन्याची एकच ओळ असे, फार तर दोन. तारीख, गुण, आणि काय झालं. चढाईला ते 'पाडणं' म्हणत, पण आपल्या अर्थानं नव्हे. तमिळमध्ये जुने लोक चढाईला गाणं म्हणतात. समोरच्या अंगणात 'पाडत' जायचं, म्हणजे दम न सोडता गात जायचं. आपण ज्याला हल्ला समजून चढाई म्हणतो, ते त्यांच्याकडे गाणं. भाषांतर करणाऱ्या बाईला इथं रूपक सापडणं फार सोपं होतं, म्हणून मी ते सोडून दिलं.

ऑगस्टमध्ये मामांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डोळ्यावर हिरवी पट्टी, टीव्ही बंद. नेमके त्याच आठवड्यात थलायवाजचे सामने चेन्नईत, घरच्या मैदानावर. मामा ओसरीवर आरामखुर्चीत पडून आतल्या टीव्हीचं तमिळ समालोचन ऐकत, मी पडद्यावर काय दिसतं ते सांगत असे, आणि सामना संपला की वहीतली ओळ ते तोंडी सांगत, मी लिहीत असे. देवनागरीत. म्हणून त्या वहीत आजही मधली काही पानं वेगळ्या लिपीत आहेत.

पहिल्याच ओळीला आमचं वाजलं. मी लिहिलं, 'राहुलची चूक भोवली.' मामांनी वाचून दाखवायला सांगितलं. मी वाचलं.

"असं नको लिहूस. समोर किती जण होते?"

"सहा."

"आपले किती राहिले होते?"

"दोघं."

"मग लिही, दोघं राहिले होते, राहुल सहांवर गेला, परत आला नाही. चूक होती का ते वाचणारा ठरवेल."

मला ते तेव्हा शिक्षकी वाटलं. त्या संपूर्ण आठवड्यात चेन्नईत एकही विजय नाही. प्रेक्षागृह पिवळं, ढोल वाजताहेत, आणि शेवटी कॅमेरा रडवेल्या पोरांवर. लवकरच प्रशिक्षकांनी पद सोडलं, नवे आले. सगळीकडे निकाल लागून गेला होता: म्हातारा संघ, नुसती नावं, पैसा वाया. मामांच्या वहीत यातलं काही नाही. तिथं फक्त कोण गेला, किती जणांवर गेला, कुठल्या कोपऱ्यातून पकड झाली, आणि जिथं लागू असेल तिथं: 'हरल्याचा एक गुण.'

त्याच महिन्याच्या अखेरीस मला प्रकाशकाचं पत्र आलं. भाषांतर परत. कारण दोन वाक्यांत. मजकूर मराठीत मुरलेला नाही. वाचताना सतत परकं वाटतं. करार, तारखा, आधीची बोलणी यांचा उल्लेख नाही. दोन वर्षांवर दोन वाक्यं. मी कुणालाच सांगितलं नाही. रजा डिसेंबरपर्यंत होती, खात्यातले पैसे त्याच्या आधी संपणार होते. परतीचं तिकीट पाहून ठेवलं आणि ठरवलं, आता तमिळ पुरे. इंग्रजीतून मराठीत करायची कामं भरपूर मिळतात, ती घरबसल्या होतात.

जायचंच, तर जे बघायचं राहिलं ते बघून घ्यावं म्हणून एका सकाळी बृहदीश्वराच्या देवळात गेले. तिथल्या भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरलेला आहे, लांबच लांब. सरफोजीराजांनी १८०३ साली तो कोरवून घेतला. हे वर्ष मी अनेकदा वाचलं होतं, पण त्याच्या शेजारी दुसरं वर्ष कधी ठेवून पाहिलं नव्हतं. १७९९च्या तहानं राज्याचा कारभार कंपनी सरकारकडे गेला होता. राजाकडे उरला होता किल्ला आणि त्याच्या आसपासचा मुलूख. म्हणजे ज्या वेळी हा माणूस घराण्याची हकीकत दगडात घालत होता, त्या वेळी सांगण्यासारखा हंगाम संपून चार वर्षं झाली होती. आजवर मी त्या लेखाकडे मराठीच्या वैभवाची खूण म्हणून पाहत आले होते. त्या दिवशी उन्हात उभं राहून वाटलं, हे वैभव नाही. ही वही आहे.

संध्याकाळी मामांना पत्राबद्दल सांगितलं. त्यांनी सांत्वन केलं नाही. विचारलं, "कुठं कुठं परकं वाटतं, ते लिहिलंय का?"

"नाही."

"मग त्यांनी सामना बघितला नाही. तू बघ."

राग आला. पण दुसरं काही करायलाही नव्हतं. मी हस्तलिखित काढलं, एक नवी वही घेतली आणि पहिल्या प्रकरणापासून ओळी लिहायला लागले. चांगलं, वाईट, जमलं, फसलं, हे शब्द वापरायचे नाहीत एवढाच नियम. 'म्हातारी नातवाला हाक मारते. मूळात चार शब्द. मी अकरा वापरले. अकरापैकी तीन समजावून सांगण्यासाठी.' 'दोन बायका भांडतात. तमिळमध्ये एकमेकींना तोडतात. माझ्या मराठीत पाळी आल्यावर बोलतात.' पन्नास पानं झाल्यावर मला दिसू लागलं ते प्रकाशकाला दिसलेलं नव्हतं, किंवा दिसूनही सांगायचं नव्हतं. मजकूर परका होता, हे खरं. पण तो फार तमिळ होता म्हणून नव्हे. जिथं जिथं मी घाबरले होते तिथं तिथं तो पुस्तकी मराठीत शिरला होता. म्हणजे त्या बायका तमिळही उरल्या नव्हत्या आणि मराठीही झाल्या नव्हत्या. नळावर रोज सकाळी जे ऐकत होते त्यातलं एक वाक्यही त्यांच्या तोंडी नव्हतं.

थलायवाज ऑक्टोबरमध्ये बारा संघांत बारावे आले. २२ सामने, ४ विजय, १५ पराभव, ३ बरोबरी. बाद फेरीची आशा मावळल्यावरही सामने होतेच, आणि ते खेळावे लागतात. पावसाळी रात्री, वीज जात-येत असताना, मी आणि मामा ते बघत बसायचो. ज्यांना वर जायचंय त्यांच्यासाठी ते महत्त्वाचे. आपल्यासाठी नुसतेच सामने. मी विचारलं, आता कशाला बघायचं. मामांनी बोटानं पडदा दाखवला. एक पोरगा मध्यरेषा ओलांडून निघाला होता. "तो जातोय ना अजून," ते म्हणाले. "मग लिहावं लागेल."

मी डिसेंबरपर्यंत राहिले. पैसे उसने घेतले. पुण्याला परतताना एक प्रकरण नव्यानं झालं होतं, फक्त एक.

पुढं काय झालं त्याला विजयाची गोष्ट म्हणता येणार नाही. २०२२च्या मोसमासाठी थलायवाजनी पवन सेहरावतला २ कोटी २६ लाखांना घेतलं. तोवर लीगमध्ये एवढी बोली कुणावरच लागली नव्हती. पहिल्याच सामन्यात त्याचा गुडघा गेला आणि हंगाम संपला. मामांचा फोन आला, मी म्हटलं, पुन्हा तेच. पण नरेंदर नावाचा कोवळा पोरगा चढाया करत राहिला आणि संघ पहिल्यांदाच उपांत्य फेरीत पोचला. १५ डिसेंबर, मुंबई. समोर पुणेरी पलटण.

पलटणही लीगच्या पहिल्या दोन हंगामांत तळाशी होती, हे मी तोवर विसरून गेले होते. मामांच्या वहीत ते होतं. मध्यांतरापर्यंत थलायवाज पुढं होते. मग पंकज मोहिते एकामागून एक चढाया करत सुटला आणि पलटण ३९-३७ जिंकली. आमच्या इमारतीत कुणीतरी फटाका वाजवला. मी फोन हातात घेऊन बसले होते. करावा की नाही कळत नव्हतं. तोच वाजला.

"अभिनंदन," मामा म्हणाले. "तुझी पलटण."

"दोनच गुण, मामा."

"हो. साखळीत असता तर एक गुण मिळाला असता. आता नाही मिळत." ते हसले. मग जरा थांबून, "लिहिलं मी. मोहितेचे सोळा आधी लिहिले."

मी काही बोलले नाही. माझ्या टेबलावर दोन वह्या होत्या. एकीत पहिला मसुदा ओळीओळीनं हरत गेला होता, दुसरीत नवा मसुदा चालू होता.

"कितवं प्रकरण?" त्यांनी विचारलं.

"सातवं."

"किती राहिली?"

"चौदा."

"बघ सावकाश," मामा म्हणाले, आणि म्हातारीची हाक आता किती शब्दांची झाली ते विचारलं. मी सांगितलं, पाच. एक अजून जास्त आहे.