वाळूचे पैसे, पाण्याचा वाटा

मी कराडचा. हातात स्थापत्याचा डिप्लोमा होता. धरण म्हणजे पाया, भिंत आणि सांडवा, एवढीच समज. ती रुंद केली ती खानापूर तालुक्यातल्या बलवडी-तांदुळवाडीच्या माणसांनी.

१९८२ च्या गिरणी संपानंतर बरेच कामगार मुंबईहून या दुष्काळी पट्ट्यात परतले होते. येरळा नदी कोरडी, तिची वाळू मात्र ठेकेदारांच्या ट्रकांतून चाललेली. पाणी धरून ठेवते ती वाळूच. ती उपसली की काठच्या विहिरी बसतात. भारत पाटणकरांच्या मुक्ती संघर्ष चळवळीने हिशेबच फिरवला: वाळू गावाची, बेतानेच काढायची आणि विकून आलेल्या पैशातून धरण बांधायचं. त्या परवानगीसाठीही लोकांना झगडावं लागलं. तांत्रिक बाजू के. आर. दाते या नामांकित अभियंत्याने सांभाळली. त्या धरणाचं नाव बळीराजा स्मृती धरण.

श्रमदानाला मीही गेलो. ज्यांच्या घरी उतरलो त्या आजींच्या नावावर गुंठाभर रान नव्हतं. भाकरी थापता थापता म्हणाल्या, "इंजिनेर, ह्या कागदात माझं पाणी कुठं हाय ते दाव की."

मी नकाशा गुंडाळून ठेवला. त्यांचं पाणी होतं, पण ते वाटपाच्या नियमांत. वाटा एकरांवर नव्हता, घरावर होता. भूमिहीनांनाही तो होता. दुसऱ्याचं रान वाट्याने करायचं आणि आपलं पाणी त्यावर आणायचं. उसाला मात्र मनाई. सातारा-सांगलीत उसाला नाही म्हणायला केवढी छाती लागते, हे इथल्या माणसाला सांगायला नको!

पुढे नोकरीत पाण्याच्या योजनांचीच कामं आली. आमच्याच तालुक्यातल्या टेंभूला कृष्णेचं पाणी उचलून सांगलीच्या दुष्काळी तालुक्यांकडे न्यायची योजना झाली. आटपाडीच्या पाणी परिषदांत समान वाटपाची मागणी उठली, तेव्हा मला ती नवी वाटली नाही.

आजींनी भाकरीचे पैसे कधी घेतले नाहीत. त्या उधारीपोटी मी लाभधारकांच्या तक्त्यात 'भूमिहीन कुटुंबे' असा एक रकाना घालू लागलो. वरिष्ठ विचारायचे, "ह्यांच्याकडे जमीनच नाही, तर लाभ कसला?" मग मी बलवडीची गोष्ट सांगत बसायचो. कधी रकाना राहायचा, बहुतेक वेळा खोडला जायचा. पुढच्या तक्त्यात मी तो पुन्हा आखायचो.