उपासना कशासाठी?

चकलांबा, ता. गेवराई, जि. बीड

प्रिय आशू,



‘आत्या, विश्वास मनात असला की पुरे, दर रविवारी उपासनेला गेलंच पाहिजे का?’ असं तू परवा फोनवर विचारलंस. तेव्हा बोलणं अर्धवट राहिलं, म्हणून लिहिते.

उपासनेत काय काय होतं ते आठव. पापांची कबुली, वचन, विश्वासांगीकार, अर्पण, प्रभुभोजन आणि शेवटी आशीर्वाद. कबुली देताना ज्याच्याशी आपण अबोला धरलाय, तो माणूस त्याच सतरंजीवर बसलेला असतो. भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे असं वेदीपाशी आठवलं, तर अर्पण तिथंच ठेव आणि आधी समेट कर, असं प्रभूनं डोंगरावरच्या प्रवचनात सांगितलंय. आपल्याकडे बांधावरून सख्खे भाऊ वर्षानुवर्षं बोलत नाहीत. एकटं बसून प्रार्थना केली, तर त्या भावाला टाळता येतं. मंडळीत टाळता येत नाही.

आपल्या वाडवडलांची गोष्ट बघ. एकोणिसाव्या शतकात अहमदनगरच्या मिशनातून महार आणि मांग समाजातली माणसं ख्रिस्ती झाली. गावात ती एकमेकांच्या हातचं खात नसत. प्रभुभोजनाच्या मेजावर मात्र भाकर एक, प्याला एक. जात एका दिवसात गेली नाही, मंडळीतूनही गेली नाही. पण ज्याच्यासोबत प्याला घेतला, त्याच्या घरचं पाणी नाकारणं अवघड झालं. लक्ष्मीबाई टिळकांनी आपलं सोवळं कसं सुटलं, ते ‘स्मृतिचित्रे’त लिहून ठेवलंय. 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी अभंग-भजनांच्या चालीत ख्रिस्तगीतं रचली. त्यामुळे ज्यांना अक्षरओळख नव्हती, त्यांच्याही ओठी विश्वास आला.

ती गाणी आजही कामाला येतात. दिवाळीच्या सुमारास इथली माणसं कोयता घेऊन ऊसतोडीसाठी साखर कारखान्याच्या वाटेला लागतात. नाताळ त्यांना फडावरच येतो. कोपीत पाळक नसतो, पुस्तकही नसतं. पाठ झालेली गीतं आणि प्रभूची प्रार्थना तेवढी सोबत असते. मागे घरात म्हातारी माणसं आणि शाळकरी पोरं राहतात. त्यांच्या चुलीची, औषधपाण्याची चौकशी आम्ही केली नाही, तर रविवारी म्हटलेल्या विश्वासांगीकाराला काय अर्थ? कृतीवाचून विश्वास निर्जीव, हे याकोबानं आपल्या पत्रात बजावलंच आहे.

म्हणून सांगते, पोरी, उपासना ही विश्वासाची तालीम आहे. क्षमा मागणं, वाटून खाणं, दुसऱ्याचं ऐकून घेणं तिथं पुन्हा पुन्हा करून अंगवळणी पडतं. नुसत्या मनात ठेवलेल्या विश्वासाला या सवयी लागत नाहीत.

पुण्यात घराजवळची मंडळी शोध आणि येत्या रविवारी जा. त्याआधी एक कर. तुझं आणि दादाचं दिवाळीपासून बोलणं बंद आहे. फोन तू लाव. मग प्रभुभोजन घे.

तुझी,
आत्या