एकाच दिवशी घेतलेल्या दोन डिस्क

आमच्या घरच्या सर्व्हरमध्ये दोन डिस्क आहेत. एकीवर जे उतरतं तेच दुसरीवरही. याला ‘रेड १’ म्हणतात. परवा त्यातली एक कुरकुरू लागली. नातू फोनवर म्हणाला, “आजोबा, आधी केबल बदलून बघा.” बदलली. तरी स्मार्ट अहवालात १९७ क्रमांकापुढचा आकडा, म्हणजे नीट वाचता न येणारे सेक्टर, ८ चे २४ झाले. म्हणजे डिस्कच बदलायची. पण नवीवर सगळं उतरवताना भार पडतो तो उरलेल्या जुनीवर, आणि तीही त्याच दिवशी घेतलेली! म्हणून आधी आमच्या हिच्या आवाजातल्या ओव्या तिसऱ्याच डिस्कवर काढून ठेवल्या. (रेड म्हणजे बॅकअप नव्हे. एकीवरून पुसलं की दुसरीवरूनही जातं.) हिला जाऊन सहा वर्षं झाली. नवी डिस्क रात्रभर भरत होती. मी ओव्या ऐकत बसलो.