कोथिंबिरीसाठी आठ मैल

दोस्तांनो, आधी एक गणित सोडवू. १९५६ साली अमेरिकेत मोठमोठे महामार्ग बांधायचा कायदा झाला. त्या वर्षी तिथली सगळी वाहनं मिळून सुमारे ६३ हजार कोटी मैल धावली. २०१९ साली धावली जवळजवळ सव्वातीन लाख कोटी मैल! म्हणजे पाचपट. माणसं मात्र या काळात जेमतेम दुप्पट झाली. मग एवढं अंतर वाढलं कसं?

मला उत्तर मिळालं ते आईच्या फोनवर. त्याच वर्षी ती ह्यूस्टनजवळ दादाकडे सहा महिन्यांसाठी गेली होती. डोंबिवलीत रोज सकाळी पिशवी घेऊन पायी मंडईत जाणारी माझी आई! तिथे दुकान चार मैलांवर, म्हणजे साडेसहा किलोमीटर. मधे भलामोठा रस्ता, त्याला फूटपाथ नाही. बसही नाही. दादा-वहिनी कामावर गेले की ही खिडकीत बसून शनिवारची वाट बघायची.

"अगं, एका कोथिंबिरीच्या जुडीसाठी जाऊन-येऊन आठ मैल! आणि मला कुठे गाडी येते?"

मी हसणार होते, पण तिचा आवाज रडवेला झाला होता.

बघा हं, गाडी आली म्हणून लोक लांब राहायला गेले. लोक लांब गेले म्हणून दुकानं, शाळा, कचेऱ्याही पांगल्या. आणि सगळंच पांगल्यावर गाडीवाचून पान हलेना!

पण हा आकडा सगळीकडे वाढतच चाललाय असं मात्र नाही बरं का. इंग्लंडमध्ये २००२ साली एक मोटार वर्षाला सरासरी ९,२०० मैल चालायची, २०१९ साली ७,४००. खुद्द अमेरिकेत १९८३ साली सोळा वर्षांच्या शंभर मुलांपैकी ४६ जणांकडे लायसन्स होतं. २०१४ साली पंचवीस जणांकडेही नव्हतं. माझ्या भाच्यालाही सोळा पूर्ण झाली, तरी तो लायसन्सचं नाव काढत नव्हता. दादा त्याला आळशी म्हणायचा. (मला विचाराल तर थोडा आहेच!)

आई चौथ्याच महिन्यात परत आली. दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवी घेऊन निघाली. मीही सोबत गेले. आमच्या गल्लीत फूटपाथवर ओळीने मोटारी लावलेल्या. आई खाली रस्त्यावर उतरली, तर मागून हॉर्न! दचकून ती एका गाडीला टेकून उभी राहिली.

ती गाडी आमचीच होती. आई काही बोलली नाही. पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि चालू लागली.