न पाठविलेल्या पाकिटांवरील तिकिटे
टपाल तिकीट म्हणजे आगाऊ पैसे घेऊन सरकारने दिलेले वचन. शिक्का पडेपर्यंत ते फिटत नाही. दुर्गजवळील रसमडा येथे कार्यालयाचे कपाट आवरताना रद्द झालेल्या समारंभाची ४० पाकिटे निघाली. प्रत्येकावर ५ रुपयांचे तिकीट. सहकारी म्हणाले, “साहेब, टपाल खाते सरकारचे, आपणही सरकारचेच. तोटा कोणाचा?” तोटा असतोच. पुढील ४० पत्रांसाठी सादिल खर्चातून पुन्हा २०० रुपये जातात, आणि टपाल खात्याला सेवा न देताच पैसे मिळतात. आम्ही तिकिटे कागदासकट कापून कोमट पाण्यात भिजविली, टीपकागदावर वाळविली आणि डिंकाने नव्या पाकिटांवर लावली. शिक्का पडलेले तिकीट पुन्हा वापरणे हा गुन्हा आहे. कोरे तिकीट रद्दीत टाकणे हा नाही. म्हणूनच त्याची दक्षता आपली आपणच घ्यावयाची असते.