इंजिनाबरोबर चढणारा सूर

मोटार सुरू असताना स्पीकरमधून गाण्याच्या मागे एक बारीक, सलग सूर ऐकू येतो आणि ॲक्सिलरेटर दाबला की तो वर चढतो, हा पुष्कळांचा अनुभव असला, तरी त्या सुराला नेमकी उंची असते आणि ती कागदावर मांडता येते, याकडे सहसा लक्ष जात नाही. त्याचा उगम अल्टरनेटरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या पट्ट्यावर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्रात असतो. त्यात तयार होणारी वीज उलटसुलट वाहणारी असते. ती एकाच दिशेने वाहावी यासाठी सहा डायोड, म्हणजे विजेला एकाच बाजूने वाट देणारे घटक, बसवलेले असतात, पण त्यांतून बाहेर पडणारा दाब अगदी सपाट नसतो, त्यावर बारीक लहरी शिल्लक राहतात. सहा ध्रुवजोड्यांच्या अल्टरनेटरमध्ये एका फेऱ्यात अशा ३६ लहरी उठतात. इंजिन मिनिटाला ८०० फेरे घेत असेल आणि अल्टरनेटर त्याच्या अडीचपट वेगाने फिरत असेल, तर सेकंदाला १,२०० लहरींचा सूर तयार होतो, आणि इंजिन १,६०० फेऱ्यांवर गेले की तोच सूर बरोबर एक सप्तक वर जातो. वायरिंग नीट असेल तर या लहरी बहुतांशी बॅटरीतच जिरतात. नसेल तर त्या गाण्यात उतरतात.

प्रस्तुत लेखकाच्या आयुष्यात हा नकोसा आवाज मोटारीच्या आधी घरातल्या रेडिओतून आला. आकाशवाणीचे सांगली केंद्र १९६३ साली सुरू झाले, आणि १२५१ किलोहर्ट्झवरच्या त्याच्या कार्यक्रमांवर सांगली-साताऱ्याकडच्या कित्येक घरांचे दिवसभराचे घड्याळ चालत असे. मध्यम लहरींच्या प्रक्षेपणात ध्वनीचा चढउतार लहरीच्या ताकदीवर बेतलेला असतो, त्यामुळे जवळपास कोठेही ठिणगी पडली की तिची लहर त्याच ताकदीत मिसळते आणि रेडिओ तिला कार्यक्रमाचाच भाग समजतो. वळवाच्या दिवसांत कृष्णाकाठी आभाळ भरून आले की पाऊस पोहोचण्याआधीच रेडिओत कडकड सुरू होई. विहिरीवरच्या पंपाचा स्टार्टर दाबला की एक फटका बसे, आणि रस्त्याने पेट्रोलची जीप गेली तर तिची टिकटिक दुरून येऊन दूर निघून जाई. आवाजावरून कारण ओळखण्याची सवय कानाला लागली ती अशी, कोणी न शिकवता.

त्या टिकटिकीने पहिल्या कार रेडिओवाल्यांना फार छळले होते. चार सिलिंडरच्या पेट्रोल इंजिनात प्रत्येक फेऱ्याला दोन ठिणग्या पडतात, म्हणजे १,५०० फेऱ्यांच्या वेगाला सेकंदास ५०, आणि त्या रेडिओपासून हातभर अंतरावर. अमेरिकेत पॉल गॅल्विन यांच्या कंपनीने १९३० साली मोटोरोला नावाचा कार रेडिओ बाजारात आणला, तेव्हा या ठिणग्यांचा बंदोबस्त करणे हे त्यातले एक मोठे काम होते. त्या मंडळींपैकी एल्मर वेव्हरिंग पुढे मोटारींसाठी अल्टरनेटर विकसित करण्यातही अग्रेसर राहिले. ठिणगीवरचा इलाज आजही तोच आहे: प्लगमध्ये आणि त्याच्या वायरीत रोध घालायचा, म्हणजे ठिणगी पेट्रोल पेटवते पण तिचा झटका हवेत फारसा पसरत नाही.

कॅसेटचा काळ आला तसा आवाजाचा मार्ग बदलला. पुणे-बेंगळुरू महामार्गावर, खंबाटकी उतरून सातारा, कराड आणि पेठ नाक्याकडे धावणाऱ्या डिझेल जीपगाड्यांत टेप वाजू लागले. डिझेल इंजिनात ठिणगीच नसल्याने टिकटिक गेली, पण अल्टरनेटरचा सूर टेपच्या वीजपुरवठ्यातून थेट आत शिरू लागला. पुढे डिकीत ॲम्प्लिफायर बसवण्याची हौस आली, ऊसवाहतुकीच्या ट्रॅक्टरवर तर स्पीकरची भिंतच उभी राहिली, आणि तेव्हापासून या दोषाचे मुख्य कारण एकच ठरले, ते म्हणजे अर्थिंग.

गाडीचा पत्राच बॅटरीकडे परतणारी दुसरी तार असतो. टेपचा अर्थ डॅशबोर्डमागे आणि ॲम्प्लिफायरचा डिकीत जोडला, की दोन्ही ठिकाणे नावाला एकच अर्थ असली तरी त्यांच्या दाबात थोडा फरक राहतो, जसे एकाच पाटाच्या तोंडाशी आणि टेलला पाणी सारख्या पातळीला नसते. या फरकामुळे टेपपासून ॲम्प्लिफायरपर्यंत गाणे नेणाऱ्या वायरीच्या जाळीतून वीज वाहू लागते आणि अर्थचा एक फेरा पुरा होतो. टेपमधून येणारे गाणे दोन व्होल्टच्या आतबाहेर असते. त्यात एक शतांश व्होल्टाची लहर मिसळली तरी ती शांत आलापात स्पष्ट ऐकू येते.

कराडच्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनची पद्धत प्रस्तुत लेखकाला या बाबतीत आदर्श वाटते. तो आधी काही उघडत नाही. इंजिन बंद ठेवून टेप लावतो, मग इंजिन सुरू करून रेस देतो आणि आवाज चढतो की नाही एवढेच ऐकतो. चढत असेल तर ॲम्प्लिफायरमधल्या गाण्याच्या पिना काढतो; आवाज गेला तर दोष पुढच्या बाजूला किंवा दोन अर्थांतल्या फरकात, राहिला तर डिकीतल्या पुरवठ्यात किंवा अर्थमध्ये. मग गाण्याच्या पिना परत बसवतो आणि मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरी ॲम्प्लिफायरच्या अर्थला लावून, गाणे मोठ्याने वाजत असताना आकडा पाहतो. फरक एक दशांश व्होल्टच्या वर दिसला की अर्थचा बोल्ट सोडतो, पॉलिश पेपरने रंग खरवडून पत्रा चकचकीत करतो, वायरीला नवा लग दाबून बसवतो आणि बोल्ट आवळून वरून ग्रीस लावतो. रंगावरून आवळलेला बोल्ट डोळ्यांना पक्का दिसतो, पण विजेला त्यातून धड वाट मिळत नाही. शेवटी तो पॉवरची वायर गाडीच्या एका अंगाने आणि गाण्याची दुसऱ्या अंगाने नेतो.

हे कष्ट टाळून मध्येच फिल्टर जोडण्याचा सोपा मार्ग बाजारात मिळतो, परंतु त्याची किंमत काय असते हे समजण्यासाठी मिरजेकडे पाहावे लागते. तेथील शिकलगार घराण्यातील फरीदसाहेबांपासून एकोणिसाव्या शतकात तंतुवाद्ये घडवण्याची जी परंपरा सुरू झाली, तिचा सगळा जीव जवारीत आहे. घोडीचा पृष्ठभाग कानस लावून असा उतरवायचा आणि तारेखाली सुताचा धागा असा सरकवायचा, की तार घोडीला निसटती लागत राहावी आणि मूळ स्वरावर वरच्या स्वरांची झळाळी उठावी. ही झळाळी बऱ्याच अंशी हजार ते चार हजार कंपनांच्या पट्ट्यात असते, आणि महामार्गावरच्या वेगाला अल्टरनेटरचा सूरही नेमका तेथेच येऊन बसतो. त्यामुळे मोटारीत ख्याल ऐकताना गायकाचा आवाज बिघडण्याआधी तंबोरा बिघडतो. सदोष वायरिंग ओळखण्यासाठी तंबोऱ्याइतकी चांगली कसोटी प्रस्तुत लेखकाला दुसरी आढळलेली नाही. वरचे स्वर कापणारा फिल्टर लावला तर शिट्टीबरोबर जवारीही जाते, आणि अर्थचा फेरा तोडण्यासाठी स्वस्तातला, छोट्या ट्रान्सफॉर्मरचा आयसोलेटर घातला तर खर्जाची तार पोकळ होते. आयुष्यभर जवारी लावणाऱ्या हातांनी जे घडवले, ते एका सैल बोल्टापायी ऐकणाऱ्यापर्यंत न पोहोचणे हे खरे नुकसान आहे.

अलीकडे या आवाजाची नवी ठिकाणे निर्माण झाली आहेत. मोबाइलचा चार्जर बारा व्होल्टचे पाच करताना वीज सेकंदाला हजारो वेळा तोडतो आणि जोडतो. तो लावून त्याच मोबाइलमधून वायरीने गाणे वाजवले की अर्थचा फेरा पुन्हा पुरा होतो, म्हणून आज पहिली तपासणी चार्जर काढून करावी. विजेवर चालणाऱ्या मोटारींत हेच तोडणे-जोडणे शेकडो व्होल्टवर चालते आणि त्याचा त्रास मध्यम लहरींनाच सर्वाधिक होतो. परदेशात काही कंपन्यांनी अशा गाड्यांतून मध्यम लहरींचा पट्टाच काढून टाकला. तो काढणे स्वस्त पडते; केबलना जाळी घालणे, इन्व्हर्टर धातूच्या पेटीत बंद करणे आणि अर्थ नीट बांधणे महाग पडते. तरीही १२५१ किलोहर्ट्झवर कान तयार झालेल्या श्रोत्याने विजेची गाडी घेताना शोरूममध्ये रेडिओ लावून, गाडी चालवून, तो पट्टा ऐकून पाहावा आणि खरखर असेल तर ती विक्रेत्यालाही ऐकवावी.